बारा सेकंदांचं मिनिट

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी मला तळ्यावर पाठवलं.
मोंबासा बंदराचा जुना पायलट मी,
दूर फ्रान्सात, डोंगराच्या कुशीत,
खेळण्यातल्या जहाजात बसायला.

जहाज केवढं? दोन माणसं मागेपुढे मावतील एवढं.
माझे गुडघे हनुवटीला.
पण वागणं खऱ्याचं, अवजड:
सुकाणू फिरवा आणि वाट बघत बसा.
वळेल ते, तुमच्या मर्जीने नाही.

'इथे सगळं पंचविसाव्या हिश्शाचं,' मास्तर म्हणाला,
'आणि वेळ पाचपट पळते.
तुमचं मिनिट इथे बारा सेकंदांचं.'

पहिल्याच दिवशी मी धक्का फोडला. फळ्यांचाच होता.
एक बदक नाकासमोरून आडवं गेलं, सावकाश.
त्याला कुणी घड्याळ बदलायला सांगितलं नव्हतं.

इकडे घरी तळ उपसत होते.
ड्रेजर रात्रंदिवस खाडीचा घसा खरवडायचा.
गाळ निघाला, मग प्रवाळाचा चुरा,
मग गंजका नांगर, अर्धी निळी बशी,
आणि रबरी चप्पल, डाव्या पायाची.
उजवी अजून खाली असेल.

लिकोनीच्या म्हाताऱ्या न्गालाने विचारलं,
'पाणी खोल केलंत, ठीक.
ताफी मासे कुठे ठेवलेत?'
अहवालात तसा रकाना नव्हता.
मी त्याच्याकडून दोन मासे जास्तीचे घेतले.
हे काही उत्तर नव्हे.

गोदामाच्या माडीवर म्वानासिती शिकत होती:
खुर्ची, दोन दांडे, तीन पडदे,
पडद्यावर नसलेलं जहाज, नसलेला वारा.
आठवड्यात तिने सतरा डबे समुद्रात टाकले.
'इथेच बुडवून घे,' शिकवणारी बाई म्हणाली,
'इथलं पाणी फुकट आहे.'

शेजारच्या काझुंगूला मात्र खरंच चढावं लागलं.
यार्डात लोखंडी सांगाडा उभारलेला,
सात डब्यांच्या उंचीचा, जहाजाविना.
तिथे तो लांब सळ्या अडकवायला शिकला,
पट्टा कमरेला, डोळे सळीच्या टोकाला.
खाली बघू नको म्हटलं की माणूस खालीच बघतो.
पहिल्या दिवशी त्याला ओकारी झाली,
दुसऱ्या दिवशी तो न जेवता आला.

माझे वडील नाखवा.
त्यांच्याकडे शिशाचा गोळा होता, बुडाला चरबी फासलेली.
पाण्यात सोडायचा, वाव मोजायचे, वर ओढायचा,
चरबीला चिकटलेली वाळू बोटांत चोळून
ते सांगायचे आपण कुठे आहोत.
कधी जिभेला लावून.
आता माझ्या गळ्यात पडदा लटकतो,
त्यात तळ दिसतो, लाल, पिवळा, निळा.
चव कळत नाही.

मग एका मंगळवारी ते आलं, पहाटेच्या भरतीवर.
तीनशे पस्तीस मीटर.
दोराच्या शिडीवरून मी चढत राहिलो,
लोखंडाची भिंत संपेचना.
ब्रिजवर कॅप्टन, फिलिपिन्सचा,
एवढा तरुण की मला 'सर' म्हणाला.
बुडाखाली पाणी उरलं दीड मीटर:
माझी बायको उभी राहील,
टाचा उंचावल्या तर डोकं आपटेल, एवढं.

मी म्हटलं, 'डेड स्लो.'
सुकाणूवाल्याने तेच परत म्हटलं.
पुढे टग, मागे टग, दोर ताणलेले,
आणि लिकोनीची फेरीबोट, सकाळच्या माणसांनी गच्च,
नाकासमोरून आडवी निघाली, सावकाश.

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.
काटा फिरत होता आपल्या चालीने,
साठ सेकंद, पुरते साठ.
एवढा वेळ कधी कुणी हातात दिला होता?

'जाऊ दे तिला,' मी म्हटलं, 'बदक आहे.'
त्याला कळलं नाही. मी हसलो नाही.

धक्क्यावर म्वानासितीची क्रेन मान वर करून उभी होती.
तिच्या पायाशी पिवळ्या टोप्यांचा घोळका,
त्यातली एक टोपी काझुंगूची असणार:
सगळे जहाजाकडे बघत होते,
ती एकटीच त्याहून वर,
आधीच मोजत,
किती चढायचंय.