पंचाहत्तर पावलं

मिनिटाला पंचाहत्तर पावलं.
अडीचशे वर्षांमागचं प्रशियाचं पायदळ
याच चालीनं तोफांसमोर जायचं,
असं एका जाड पुस्तकात सापडलं.
म्हणून पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर
हातात घड्याळ धरून चालून बघितलं.
संध्यामठ येईपर्यंत
बूट घातलेल्या सगळ्या काकवा मला मागं टाकून गेल्या,
एक लंगडं कुत्रंसुद्धा.
इतक्या सावकाश?
घरी येऊन वहीत लिहिलं : पायदळ, एका डावात दोन घरं.

सायलेशिया मी बघितलेला नाही, बघणारही नाही.
नकाशातली दलदल प्रयाग चिखलीची आहे,
नदी ओसरल्यावर उसाच्या बुडाशी उरते ती.
टेकडीचा चढ जोतिबाच्या वाटेवरून उचलला,
दम लागतो तिथं एक रेघ जास्त.
गावांची नावं मात्र त्यांचीच ठेवली,
उच्चारताना दिलावर प्रत्येकाला नवं बारसं घालतो.

दिलावर शिकलगार. त्याच्या पणज्यानं तलवारींना पाणी दिलं,
हा उद्यमनगरात व्हॉल्व्हच्या सीट घासतो.
फौंड्रीतल्या उरल्यासुरल्या ॲल्युमिनियमच्या
दोनशे चाळीस सोंगट्या त्यानंच लेथवर काढून दिल्या,
निळ्या एकशेवीस, पांढऱ्या एकशेवीस,
टोपीचं टोक मसुरीएवढं.
"एवढ्याशा डोक्याला कशाला रे युद्ध?" एवढंच म्हणाला.

सोमवारी कारखाने बंद, तेव्हा खेळायचं.
जिनगोंडा कधी चढाई करत नाही.
पहिल्याच दिवशी निळी फौज पुढं सरकवून थांबला :
"खात्यात काय ही पोरं?"
माझ्याकडं नियम नव्हता.
तीन आठवडे गेले त्यात.
भट्ट्या आल्या, पिठाच्या गाड्या आल्या,
भट्टीपासून पाच मजलांपलीकडं गेलेली पलटण
अर्ध्या ताकदीनं लढेल, नियम चौदा.

मग दिलावर. चहात बटर बुडवता बुडवता,
"रात्री रानातनं नेलं तर पळून जात न्हाईत व्हय?"
पुस्तक काढलं. जात होते.
म्हणून रानाजवळ तळ टाकायचा नाही,
आपल्याच फौजेभोवती आपल्याच घोडेस्वारांचा पहारा,
तोंडं आतल्या बाजूला.
नियम बावीस : रानाच्या घरात मुक्काम केल्यास फासा टाका.
एक किंवा दोन पडल्यास एक सोंगटी उचला.
ठेवायची कुठं? भडंगाचा रिकामा डबा होता, त्यात.
वर चिकटपट्टी लावून लिहिलं : पळपुटे.

नवव्या सोमवारी जिनगोंडा जिंकला.
न बोलता, चढाई न करता, नुसता आडवा सरकत
त्यानं पांढऱ्यांची डावी बगल मोडली.
मी गुण मोजत होतो, दिलावर सोंगट्या.
पटावर मेलेल्या एकोणीस.
डब्यात एकतीस.
"ह्यांचे गुण कुणाला?"
कुणालाच नाही, मी म्हटलं. तसा रकानाच नाही.

दिलावरची मेहजबीन नियमांच्या पुस्तिकेचं शुद्धलेखन बघते.
तिनं पळपुटे खोडलं, वर लिहिलं : घरी गेलेले.
मी चिडलोच. घरी कसले?
घर शंभर कोसांवर, अंगावर फौजेचाच कोट,
गावोगाव घंटा वाजवून धरायचे,
धरला की दोन रांगांतून छड्या खात चालायचं,
पाठ उघडी, तीही पावलं मोजूनच.
ती पेन्सिल कानावर ठेवत म्हणाली,
"मग तेवढ्यासाठी पण एक फासा द्या की, काका."

नियम बावीस-ब.
लढाई साडेसातलाच संपली होती.
जिनगोंडाची शेवटची बस साडेनऊला.
तरी त्यानं डबा पुढं ओढला, पहिली सोंगटी काढली,
निळी की पांढरी न बघता, फासा फुंकला.
पाच. घरी.
दोन. सापडला.
चार. दिलावर म्हणाला, चारला जाऊ दे, नदी उतार असंल.
लिहून घेतलं.
सहा. घरी.
एक.
एकवर तिघंही गप्प बसलो, जरा वेळ.
नऊ वाजले तेव्हा डब्यात अजून चौदा होत्या,
आणि जिनगोंडानं फोन करून घरी सांगितलं
की त्याला उशीर होईल.