मूळ प्रत

वेन्डेल कोस्केलाच्या बहिणीला ती सापडली
बर्फावरच्या मासेमारीच्या पेटीत.
वर गळ, शिसाचे गोळे, गंजलेला चिमटा,
तळाशी पावाच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट.
त्याच्या त्या घाईतल्या, तिरप्या अक्षरात:
डुलुथ, नोव्हेंबर चौऱ्याण्णव, दुसरा सेट.
एवढंच. बँडचं नाव नाही.
त्याच्या लेखी दुसरा बँड होताच कुठे?

आर्विडच्या गॅरेजमध्ये जमलो आम्ही.
पाच जण, आणि त्याची बहीण इर्मा.
पूर्वी व्हॅनमध्ये अकरा मावायचो.
बाहेर सुपीरियर सरोवर काठाकडून गोठत आलेलं,
हीटर काही केल्या तापेना.
मार्लिस कोट न काढताच खुर्चीच्या कडेला टेकली.
डेलने प्लेचं बटण दाबण्याआधी
बोट जीन्सला पुसलं.

आमच्यापाशी होत्या त्या प्रतीच्या प्रतीची प्रत,
पाकिटात कोरी कॅसेट आणि परतीचं तिकीट घालून
अनोळखी माणसांकडून मागवलेल्या.
दर पिढीला खरखर वाढायची,
झांजांची वाळू व्हायची.
तरी पाठ होतं सगळं:
ड्रमरच्या हातून काठी कुठे पडते,
मागचा दारुडा कुठे
भलत्याच गाण्याची फर्माईश करतो,
आणि बाराव्या मिनिटाला बेसवाल्याची ती चूक.

चूकच. डेल अजून भांडतो, मुद्दाम होतं म्हणतो.
बोट एक पडदा चुकलं,
स्वर उघड्यावर पडला,
आणि गिटारवालीने त्याला तसं सोडलं नाही.
उचलला, उलटून पाहिला, पुन्हा वाजवला.
कीबोर्डने त्याच्याखाली हळूहळू जमीन घातली.
मग गाणं घरी परतलंच नाही त्या रात्री.
एकतीस मिनिटं
समेवर यायची कुणाला घाई नव्हती.

मूळ प्रतीत हे सगळं होतंच,
पण हॉकीच्या त्या हॉलचं उंच छतही होतं,
दारं उघडमीट होत होती,
कुणाच्या तरी खिशात किल्ल्या वाजत होत्या.
मला एकदम पायाखालचा गारवा आठवला,
फळ्या टाकून झाकलेल्या बर्फाचा.

आणि सतरा मिनिटं चाळीस सेकंदांवर,
जिथे सगळी वाद्यं
एकमेकांची वाट बघत थबकतात,
तिथली ती फसफस,
जिला आम्ही जन्मभर टेपचा दोष समजलो,
तो दोष नव्हता.
तो वेन्डेल होता.
माइकचा बांबू धरून तासन् तास मुका उभा राहणारा,
शेजारी कुणी खोकलं तरी डोळे वटारणारा वेन्डेल
कुजबुजला:
थांब. आता येईल.

आर्विडने मागे नेलं. ऐकलं.
पुन्हा मागे नेलं.
मग सगळ्यांनी मार्लिसकडे पाहिलं.
त्या वर्षी ती त्याच्याबरोबर होती.

मी नव्हते रे, मार्लिस म्हणाली.
बेकरीत पहाटेची पाळी होती,
पहिल्या सेटनंतर शेवटची बस धरली मी.
तीस वर्षं तुम्हाला सांगत आले, होते म्हणून.
ऐकलं ते कॅसेटवरच,
तेही तुमच्याच.

कुणी काही बोललं नाही.
रागवावं असं काही नव्हतं त्यात,
तरी डेल जरा रागावला.
मग म्हणाला, स्वतःशीच बोलला असेल तो.

इर्माला या संगीतातलं ओ का ठो कळत नाही.
दोनदा डुलकी लागली होती तिला.
ती म्हणाली, माशांनाही असंच म्हणायचा.
बर्फातल्या भोकाशी बसून,
तासाला एकदा.
कधी कधी यायचाही एखादा.

टेप तोवर पुढे गेली होती.
आर्विडने विचारलं, पहिल्यापासून लावू?
मार्लिसने उभं राहून कोट काढला,
खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला,
आणि या वेळी मागे रेलून बसली.