दराजा

वाळत घातलेल्या माशांच्या रांगा ओलांडून
अकरावं घर. यादीत हेच होतं, म्हणून आले.
बाराव्या घरातली पोरं कुंपणाला नाक लावून विचारतात,
आमच्याकडे का नाही?
तुमची चिठ्ठी निघाली नाही, म्हणते.
त्यांना वाटतं, काहीतरी वाटप होतं
आणि आपलं हुकलं.

अमोनी. वय नऊ. इयत्ता तिसरी.
बोटांना खवल्यांचा वास, आता माझ्या कार्डालाही.
आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा उतारा.
अडेल तिथं थांबायचं, गोल करायचा.
शाबास म्हणायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही.
लोडवारला दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून
कोरा चेहरा शिकलो. मला हसू फुटायचं.

ती किस्वाहिलीत वाचते, बोट ओळीखालून सरकवत,
जाळ्यातली गाठ चाचपावी तसं.
जुमाची बकरी सुटली.
जुमा तिच्यामागे धावला.
बकरी पळत पळत चढली त्या
द...
रा...

दराजा म्हणजे पूल.
आमच्याकडे नदी म्हणजे वाळूचा पट्टा.
कधी पाणी आलंच तर माणसं काठावर बसून राहतात
ते उतरेपर्यंत.

कचेरीत लोमुरियानं एकदा पडद्यावर दाखवलं होतं:
प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक आकडा, त्याला वजन म्हणतात.
अमोनीचं असेल हजार-बाराशेच्या घरात.
म्हणजे ज्यांच्या दारात मी कधीच जाणार नाही
अशी हजारभर पोरं, सरोवरापासून थेट सरहद्दीपर्यंत,
या क्षणी तिच्या पाठीमागे उभी, याच अक्षरावर बोट ठेवून.
मी नुसते ओठ हलवले असते, 'जा',
तर सगळी पार झाली असती. कागदावर.

मी घड्याळाकडे पाहिलं.
तिच्या आईची सुरी माशाच्या पोटात थांबलेली.

'दराजा!'
कुंपणापलीकडून. बाराव्या घरातला, सहा-सात वर्षांचा,
उलटं कार्ड लांबून वाचणारा,
वजन शून्य.

अमोनीनं वाळूची मूठ भिरकावली त्याच्यावर.
'मी वाचतच होते!'
वाचतच होती, खरंय.
पण कुणी सांगितलेलं धरायचं नसतं.
मी 'शब्द' या पायरीला गोल केला.
वर रकान्याचं नाव छापलेलं: दराजा.
आमच्याकडे पायरीलाही तोच शब्द.

'पास?' आईनं विचारलं.
ही परीक्षा नाही, मी म्हटलं.
'मग एवढा वेळ काय करत होतीस?'
मला उत्तर सुचेना. तिनं दोन सुके मासे पुढे केले;
घ्यायची परवानगी नसते. एक घेतला.

पुढचं घर यादीत एकोणिसावं,
वाळूच्या नदीपलीकडे. पाय रुततात.
मागून हाक आली, धापा टाकत:
'पण बकरी सापडली का त्याला?'

थांबून मी कार्ड पुन्हा काढलं, पाठची बाजूही पाहिली.
उतारा चारच ओळींचा.
शेवटच्या ओळीत संध्याकाळ होते,
आणि बकरी पुलावर उभी आहे.