हुर्यो

तिकीट नव्हतंच.
चिमणबागेच्या मैदानावर भिंत पडलेल्या कोपऱ्यातून आत शिरायचं
आणि सिमेंटच्या पायरीवर रुमाल टाकून बसायचं.
तेव्हा पैसे वसूल झाले नाहीत
असं म्हणायची सोय मला नव्हती.

बुटांचे पैसे मात्र मी दिले होते.
विमा कंपनीतला पहिला पगार,
जेल रोडवरचं दुकान,
अर्धा नंबर मोठे घेतले, पाय वाढेल म्हणून.
एकोणिसाव्या वर्षी पाय वाढत नाही
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

महूची पोरं तीन गोलांनी पुढे.
त्यात विशेष काही नाही,
महूची पोरं रांगायच्या आधी लाथ मारायला शिकतात.
पण चौथा गोल त्यांनी केलाच नाही.
आपल्याच शिवहऱ्यांच्या हेमूनं मागे ढकललेला चेंडू,
दुपारी डबा पोचवायला निघाल्यासारखा, कसलीच घाई नसलेला,
आणि माझा भाऊ
हातमोज्याचा पट्टा दातांनी ओढत
रस्त्यावरून चाललेली वरात बघत होता.

जाळी फाटकी. चेंडू तिच्यातूनही गेला
आणि चांभाराच्या पेटीपाशी जाऊन थांबला.

आधी कुणीच काही बोललं नाही.
मग मागून एक जण,
"भिया, ये गोली है कि खुल्ला फाटक?"
मग हशा. मग हशाच्या खालून
ओठ गोल करून, पोटातून येणारा
तो आवाज.
आपण म्हणतो, हुर्यो उडवली.
जणू पतंगच.
मी पाहिलं, ती उडत नाही.
फक्कीसारखी खाली बसते
गोलरेषेवर, बुटांवर.

दिघे मास्तर माझ्या शेजारी.
चाळीस वर्षं या संघाच्या प्रत्येक पराभवाला हजर,
स्वेटरच्या खिशात शेंगदाणे.
म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ."
मी विचारलं, "मग तुम्ही इतकी वर्षं काय केलंत?"
त्यांनी जरा विचार केला.
"शेंगदाणे खाल्ले," म्हणाले,
आणि चार माझ्या हातावर ठेवले.

ते मुठीत घेऊनच मी उठले.
सगळे नंबरानं ओरडत होते,
ए एक नंबर, घरी जा, एक नंबर.
माझ्या तोंडून निघालं,
"गुंड्या! लाज वाटते का रे!"
खाली बसले तेव्हा
शेंगदाण्यांचा भुगा झाला होता
आणि मास्तर दुसरीकडे बघत होते.

रात्री तो उशिरा आला.
सकाळचे थंड पोहे पुढ्यात घेतले,
वर जिरावण, पुन्हा जिरावण, पोहे दिसेनासे होईपर्यंत.
आई म्हणाली, "काय झालं रे?"
"हरलो."
आई दिवा मालवून झोपायला गेली.

मग म्हणाला, "दोनशे माणसं असतील."
"असतील."
"त्यातल्या एकालाच
माझं घरातलं नाव माहीत होतं."

मी ताटली उचलली. घासली.
घासलेली पुन्हा घासली.
माफी मागायची होती,
पण चेंडू मला अजून दिसत होता,
सावकाश येणारा,
आणि त्याची मान वरातीकडे.
ज्याच्याकडून काही होणार नाही हे ठाऊक असतं
त्याच्यावर घसा बसेपर्यंत कोण ओरडेल?
हे त्याला सांगायला हवं होतं.
की मास्तरांचंच खरं?
अजून ठरत नाही.

रविवारी सकाळी तो उंबऱ्यात बसला होता,
बुटांच्या टोकात कापूस कोंबत.
अर्ध्या नंबराचा तो कापूस
तीन वर्षं दर सामन्याआधी तो बदलतो.
वर न बघता विचारलं,
"येणार आहेस?"
मी म्हटलं, "बघते."

"ये," म्हणाला.
"ओरडायचंच असेल
तर नंबरानं ओरड."