तीन युनिट

वारज्यात, बी विंगच्या खाली, अकरा नंबरच्या खांबापाशी
माझी स्कूटर रात्रभर वीज पिते.
सोळा अँपिअरचं सॉकेट, त्यावर पत्र्याची टोपी,
शेजारी सबमीटर, त्याचा लाल दिवा मिचमिचणारा.

या सॉकेटसाठी सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या.
पहिलीला कोरम नव्हता.
दुसरीत टेंबेकाका म्हणाले, उद्या कोणी गिरणी आणून लावेल.
तिसरीत ठराव झाला
आणि डिसेंबरात टेंबेकाकांनीच निळी स्कूटर घेतली.
आता माझ्याआधी येऊन जागा अडवतात.

शोरूममधला पोरगा म्हणाला होता, मॅडम, धूर शून्य.
मी मान डोलावली.

मी ऊर्जानगरची, चंद्रपूरची.
गोष्टीत चिमणी आली की मला कितीतरी वर्षं
ती सिमेंटचीच दिसायची, उंच,
डोक्यावर तांबडा दिवा असलेली.
आई दोरीवरचे कपडे दोनदा झटकायची,
घालताना आणि काढताना.
'पोट्टेहो, कपडे आत घ्या, राख येऊन रायली.'
पाहुणे यावेत तशी यायची राख, न कळवता.

बाबा क्रशर हाऊसला. एकोणतीस वर्षं.
डावा कान तिथंच राहिला.
उजव्यानं अर्धं ऐकतात,
उरलेलं समोरच्याच्या ओठांवरून उचलतात.

दिवाळीनंतर ते आले तेव्हा गाडी दाखवायला खाली नेलं.
पुढून पाहिली, मागून पाहिली,
सायलेन्सर असतो तिथं वाकून पाहिलं.
मग मीटर वाचला. दिसला मीटर की वाचायचा, ही खोडच.
'फुल व्हायले किती?'
'तीन युनिट.'
अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला.
'दोन किलो.'
'काय दोन किलो?'
'कोळसा. चांगला असला तर. ओला असला तर जरा जास्त.'
मंडईत वांग्यांचा भाव सांगावा, तसं.

मी घाईनं म्हटलं, सगळी कोळशाचीच नसते हो आता,
कोयनेचं पाणी आहे, साताऱ्याकडे पवनचक्क्या आहेत,
आपल्याच गच्चीवर पॅनेलं बसवलीत...
'रात्रीले?' एवढंच विचारलं
आणि वर पाहिलं.
वर पार्किंगचा स्लॅब होता.

जुन्या गाडीवर असताना
नळस्टॉपच्या सिग्नलला माझा स्कार्फ
नाकाशी काळा व्हायचा. आता होत नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
आईच्या दोरीसमोर ते फार लहान वाटलं,
पण खोटं नाही.

'बसा मागे,' म्हटलं. 'चांदणी चौकापर्यंत जाऊन येऊ.'
बसले. खांद्यावर हात ठेवला. वाट पाहिली.
'चालू कर नं.'
मी मान वळवली, त्यांना ओठ दिसतील अशी.
'चालू आहे, बाबा.'
'आवाज नाही?'
'नाहीच येत.'
'अस्सं,' म्हणाले. 'मले वाटलं, हाबी कान गेला.'

मग उड्डाणपुलावर त्यांनी टोपी काढून हातात धरली.
मला आरशात फक्त टोपी दिसत होती.

जायच्या दिवशी सकाळी
फडकं घेऊन सीट पुसत होते.
शेजारी नवा टॉवर उठतोय, त्याची धूळ रोज बसते.
चिमटीत घेऊन चोळली, उजेडात धरली.
'सिमेंट,' म्हणाले. 'यातबी आपली राख असन थोडी.'
जुना सहकारी स्टेशनावर भेटावा,
तसा चेहरा झाला होता.

आता रविवारी फोन येतो.
जेवलीस का, हे आई विचारते.
ते विचारतात, गाडी कधी लावली?
'दुपारी, बाबा! उन्हात लावली!'
ऐकू जात नाही.
मी पुन्हा ओरडते,
आणि समोर टेंबेकाका
झोपमोड झाल्यासारखी खिडकी लावून घेतात.