ताक

रविवारी अकराच्या सुमाराला ते घाट चढून येतात.
चार हेल्मेटं खिडकीत मांडतात,
मुंडकी उतरवून ठेवल्यासारखी,
आणि मी काही विचारायच्या आत
शुआकू म्हणतो : बंद केलं गं, तेलविना,
कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं.

जणू घरातलं कुणी गेलंय.
मी बाटली डोक्यावर धरते, ग्लास कमरेखाली.
सायडरची धार पडते, फेस येतो, विरतो.
आमच्या अस्तुरियासमध्ये असंच ओततात.
थोडी जमिनीवर सांडते,
ती कुणाच्या वाट्याची, हे कुणी विचारत नाही.

बाहेर नेलची गाडी, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली.
गुडघे घासून घासून टाकीच्या दोन्ही अंगांना
बशीएवढं टक्कल पडलंय.
क्लचची केबल मिळत नाही. गास्केट मिळत नाही.
पोर्तुगालात एका म्हाताऱ्याकडे दोन आरसे आहेत म्हणे,
विकत नाही, नुसते फोटो पाठवतो.

"मग आता दुसरी कुठली?"
आणि चौघं घसे खाकरतात,
सोयरीक जमवायला बसल्यासारखे.

ओलाया रुग्णवाहिका चालवते. ती म्हणते, जपानी घ्यावी.
सुरू होते, थांबते, काही तक्रार नाही.
"तीच तर तक्रार," नेल म्हणतो,
"भांडायचं कशावरून तिच्याशी?"

बेर्मुदोनं जर्मन गाडीचं माहितीपत्रक आणलंय,
घडीवर घडी पडून मऊ झालेलं.
मुठी गरम होतात. हप्ता परवडतो, जवळजवळ.
सीटची उंची किती? सत्त्याऐंशी.
सगळे त्याच्या पायांकडे बघतात.
तो पाय टेबलाखाली घेतो.

शुआकूनं विजेवरची चालवून पाहिली.
"आवाजच नाही रे. वळणावर गाय आडवी,
तिला कळलंच नाही मी आलोय.
खरं सांगू, मलाही कळलं नाही मी आलोय."

नेल काही निवडत नाही.
तीस वर्षं कोळसा खणला त्यानं. आता श्वास असा घेतो,
थंडीत तिसऱ्या किकनंही सुरू न होणाऱ्या इंजिनासारखा.
"हीच नसेल, तर मी चालत येईन वर," म्हणतो,
आणि सगळे आपापल्या ग्लासात बघतात,
कारण दारापासून टेबलापर्यंत
तो आज दोनदा थांबला होता.

मला कुणी विचारलं नाही.
शुआकूनं आधी माझ्या बहिणीला मागणी घातली होती.
ती नाही म्हणाली, ब्रसेल्सला गेली.
तिसऱ्या रविवारी तोच शर्ट घालून
तो माझ्यासमोर उभा राहिला.
एकतीस वर्षं झाली त्याला.

दुधाची तहान ताकावर, म्हणतात लोक.
म्हणणाऱ्यांनी कधी घुसळलेलं नसतं.
या डोंगरात माणसांपेक्षा गायी जास्त,
मला दोन्ही माहीत आहेत.
ताक म्हणजे हरलेलं दूध नव्हे.
त्याला रात्र लागते, खांदे भरून येईपर्यंत हात लागतात,
आणि ऑगस्टात गवत कापून आलेला माणूस
दूध मागत नाही.
तरी पहिली काही वर्षं
मी त्या शर्टाकडे बघत असे, दोरीवर वाळताना.

हे मी बोलले नाही. बिल आणून ठेवलं.

निघताना नेलची गाडी सुरूच होईना.
बेर्मुदोनं ढकलली. शुआकूनं प्लग पुसला, शिव्या दिल्या.
ओलाया काही बोलली नाही,
आपल्या गाडीवर बसली आणि सीटवर पुढे सरकली,
वीतभर.

नेल त्या वीतभर जागेकडे बघत राहिला.
मग मला म्हणाला, हिला पडवीत घे, पाऊस येईल.
पाय टाकायला त्याला शुआकूचा खांदा लागला.

मागच्या सीटवर बसलेला नेल
मी पहिल्यांदा पाहिला.
हातांचं काय करावं ते त्याला कळेना,
बोटं क्लच शोधत होती.
पहिल्या वळणापर्यंत हात हवेतच होते.
पुढचं मला इथून दिसत नाही.