राखेची लादी

जुलैत गवताच्या गाडीवरून पडले.
डावं मनगट मोडलं,
शेजारच्या घरात कुणी कडी लावावी
एवढाच आवाज.

फेरी परवा. तोवर याकूत्स्क नाही, हाडाचा फोटो नाही.
नर्स मात्र्योनानं दोन फळ्यांत हात बांधला.
म्हणाली, फळीच्या वरच्या अंगाला बर्फ धर,
मध्ये फडकं, वीस मिनिटं, मोजून.
हाड आपलं आपण जुळतं, कुन्नेय,
बर्फ नुसता सुजेला उंबऱ्याबाहेर थोपवतो.
आणि बधीर झालं की काढ.
त्याच्यापुढे थंडी औषध राहत नाही.

बर्फ म्हणे!
या अंगणात जानेवारीत थुंकी खाली पडेपर्यंत गोठते
आणि आज छत्तीस डिग्री,
डासांचा धूर, कुत्रं गाडीखाली जीभ टाकून.

एका हातानं झाकण सरकवलं,
आठ पायऱ्या उतरले,
जिथली माती माझ्या पणजोबांच्याही आधीपासून
कधी मऊ झालेली नाही.
तिथे आम्ही नदी उभी करून ठेवतो,
नोव्हेंबरात कापलेली, लादीवर लादी,
वर्षभराच्या चहाची.

एकच उरली होती.
तिरका काप. एर्चिमचा.
माझा भाऊ पावसुद्धा असाच कापतो.
वरच्या अंगावर काळा ठिपका,
त्याच्या सिगारेटची राख, गोठून आत गेलेली.
पिण्याच्या पाण्यावर राख झाडतोस, मी ओरडले होते,
आणि मग राखेवरून गाईंवर गेले,
न विचारता विकलेल्या आईच्या तीन गाईंवर,
आणि गाईंवरून जिथे जायचं नव्हतं तिथे.
जिभेला हाड नसतं.
म्हणून ती मोडत नाही,
आणि फळीत बांधून जुळवताही येत नाही.

करवत बर्फात तशीच रोवून तो निघाला.
मिर्नीच्या खाणीत आहे, असं लोकांकडून कळतं.
ती लादी मी चहाला घेतली नाही कधी.
मागे मागे सारत राहिले.

कुऱ्हाडीच्या पाठीनं कोपरा फोडला.
फडक्यात गुंडाळला, धरला.
आधी चावतं.
मग भाजतं, थंडीनंसुद्धा भाजतं.
मग खोल कुठेतरी दात दुखावा तसं.
मग हात बाकावर ठेवलेली वस्तू होतो,
कुणाचीही.

नोव्हेंबर ते जुलै.
मी बोटांवर मोजलं, उजव्या हाताच्या,
दोनदा मोजावं लागलं.

फडक्यातून पाणी ठिबकत होतं फळीवरून गुडघ्यावर,
राखेचा ठिपका सुटून
माझ्या परकरावर आला, मोहरीएवढा.
फोन मांडीवर घेतला,
एका बोटानं, चुका करत लिहिलं:
हात मोडलाय. तुझी राखेची लादी कामी आली.
पुढे काही सुचेना.
पाठवलं तसंच.

घड्याळ बघितलं. तेवीस मिनिटं.
बर्फ काढला.